दुरून दिसणारं गाव : लोकआरोग्याचं काम आणि त्रिमितीय प्रतिकृती

दिवाळीच्या पाडव्याला डोणगावातल्या आमच्या अंगणात आजी शेणाच्या गवळणी मांडायची. हात-दीड हात जागेत एक अख्खं घर उभं राहायचं. गोठा, गोठ्यात बोटभर गाई, चूल, जातं, उखळ, डोक्यावर घागर घेतलेल्या बाया आणि प्रत्येकीच्या डोक्यावर खोचलेलं झेंडूचं फूल. मी एकदा विचारलं होतं की आपल्या घराला तर दोन खोल्या आहेत, इथे एकच का? आजी म्हणाली, खोल्या कशाला, काम कुठं कुठं चालतं ते दिसलं पाहिजे. पुढे पुण्यात आलो, मुलांचे दिवाळीतले मातीचे किल्ले पाहिले. वाटा, बुरूज, पाण्याचं टाकं, पायथ्याचं गाव. तेव्हा ध्यानात आलं की प्रतिकृती ही आपल्याकडे संगणकाने आणलेली गोष्ट नाही, ती दरवर्षी अंगणात होतच असते.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘आरेखक (स्थापत्य)’ हा व्यवसाय शिकवत आलो. म्हणजे इमारतींचे आराखडे काढायला मुलांना शिकवणं हे माझं काम. निवृत्तीनंतर या विषयाकडे वळलो तो एका फोनमुळे. चुलतभावाचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, “काका, आम्ही इथली आठ-दहा घरं मिळून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढतो. गावाकडच्या आरोग्याच्या कामाला द्यायची आहे. पण तिथे नेमकं काय हवंय, ते आम्हाला दिसत नाही.”

‘कळत नाही’ असं तो म्हणाला नाही, ‘दिसत नाही’ म्हणाला. त्या एका शब्दाचा पाठपुरावा करताना जे वाचलं, जे करून पाहिलं आणि जिथे चुकलो, त्याचा हा लेख. दूर राहणाऱ्या माणसाला गावाच्या आरोग्यकार्यात सहभागी करून घ्यायला त्रिमितीय प्रतिकृतीचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर कोणत्या प्रतिकृतीचा, एवढाच प्रश्न इथे आहे.

आराखडा सगळ्यांना वाचता येत नाही

पुतण्याला मी पहिल्यांदा जे पाठवलं ते मला येत होतं तेच होतं. एका छोट्या तपासणी खोलीचा आराखडा, दर्शनी बाजू आणि छेद. दोन दिवसांनी त्याचा प्रश्न आला, “काका, यातला दरवाजा कोणता?”

मला हसू आलं, मग थोडी लाजही वाटली. आराखडा म्हणजे इमारत जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर आडवी कापली आणि वरून पाहिली तर जसं दिसेल तसं काढलेलं चित्र. अशा उंचीवरून कापलेलं घर कुणी कधी पाहिलेलं नसतं. आमच्या मुलांनाही आराखड्यावरून खोली डोळ्यांपुढे आणायला बरेच महिने लागतात. मग बँकेत किंवा संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला ते पहिल्याच झटक्यात कसं जमावं?

त्रिमितीय प्रतिकृती हे भाषांतराचं काम आपल्यासाठी करून टाकते. लांबी-रुंदीबरोबर उंचीही समोर असते, आणि पाहणारा आपल्याला हव्या त्या बाजूने वळून पाहू शकतो. ती पुठ्ठ्याची असेल, मातीची असेल किंवा संगणकावरची असेल. संगणकावरच्या प्रतिकृती आता फारशा खर्चिक राहिलेल्या नाहीत. ‘स्केचअप’ ही आज्ञावली 2000 साली आली, 2006 मध्ये ती गूगलने घेतली, त्यानंतर तिची मोफत आवृत्ती शाळकरी मुलांच्याही हातात गेली, आणि 2012 मध्ये ती ट्रिंबल या कंपनीकडे गेली. ‘ब्लेंडर’ 2002 पासून मुक्तस्रोत आहे. त्यामुळे एका साध्या लॅपटॉपवर आज जे काम होतं, त्यासाठी पूर्वी शहरातल्या मोठ्या वास्तुविशारदाच्या कचेरीत जावं लागे.

दूरचे हात नवे नाहीत

परगावी, परदेशी गेलेल्या मराठी माणसाने मागे राहिलेल्या कामांना हातभार लावणं ही जुनी रीत आहे. अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशनची स्थापना 1978 सालची. 1991 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांतून ‘एड’ ही संस्था सुरू झाली आणि तिने भारतभरच्या लहानमोठ्या कामांशी नातं जोडलं. इकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प जगभर अभ्यासला गेला. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचदा अक्षरओळख नसलेल्या बाया तिथे आरोग्यसेविका झाल्या. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा कामांची माहिती दूरच्या माणसाकडे पोचायची ती पत्रांतून, वार्षिक अहवालांतून, स्लाइडच्या पेटीतून आणि पुढे छायाचित्रांतून. छायाचित्राचं बळ मोठं आहे, पण त्याची एक खोडही आहे. दात्याचं मन हलवायचं तर चेहरा लागतो, आणि तो शक्यतो दुःखी लागतो. आजारी मूल, खंगलेली आई. त्या मुलाला, त्या आईला विचारून तो फोटो निघालेला असतोच असं नाही. मूल मोठं होतं, तरी त्याचा तो फोटो कुठल्या तरी पत्रकावर तसाच राहतो.

प्रतिकृतीत चेहरा नसतो. त्यात वाट असते, विहीर असते, चढ असतो, खोली असते. म्हणजे माणसाची दया न मागता त्याची अडचण दाखवता येते. प्रतिकृतीच्या बाजूने मला सापडलेलं हे सगळ्यात मोठं कारण. ती सुंदर दिसते हे कारण त्यानंतरचं.

जगात याचे वेगवेगळे प्रयोग झाले आहेत. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा आभासी वास्तवाचा लघुपट आला. जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीत राहणारी बारा वर्षांची सिरियन मुलगी आपली छावणी दाखवते, आणि डोळ्यांवर यंत्र लावलेला माणूस मान वळवून सगळीकडे पाहू शकतो. दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत तो दाखवला गेला. ही काटेकोर अर्थाने प्रतिकृती नव्हे, चौफेर चित्रण आहे. पण ‘तिथे जाऊन आल्यासारखं वाटणं’ हे दूरच्या माणसाला जोडण्याचं साधन होऊ शकतं, ही कल्पना त्यामुळे रुजली.

दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. 2014 मध्ये ब्रिटिश व अमेरिकन रेड क्रॉस, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि मुक्त नकाशांवर काम करणारा एक मानवतावादी गट यांनी ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. ज्या वस्त्या नकाशावरच नाहीत, त्यांची घरं आणि रस्ते उपग्रहचित्रांवरून रेखायचे. हे काम लंडनमधला विद्यार्थी संध्याकाळी घरी बसून करतो. मग त्या वस्तीतली माणसं त्यावर नावं घालतात, चुका दुरुस्त करतात, आणि लसीकरणाला किंवा साथीच्या वेळी जाणारे कार्यकर्ते तो नकाशा वापरतात. इथे दूरचा माणूस नुसता पाहत नाही, तो काम करतो. आणि शेवटचा शब्द गावाचा राहतो.

माझी पहिली प्रतिकृती

मी मात्र पहिल्या वाटेने गेलो. पुतण्याला आराखडा कळला नाही म्हणून तीच खोली संगणकावर उभी केली. बाहेर ओटा, ओट्यावर बाक, आत तपासणीचं टेबल, कोपऱ्यात हात धुण्याचं बेसिन. हौसेने दारात कडुनिंब लावला. सकाळच्या उन्हाची सावलीही पाडली. ती तिकडच्या सगळ्या घरांत फिरली. खूप कौतुक झालं. प्रश्न आले ते असे : भिंतींना कोणता रंग द्यायचा? पाटी मराठीत की दोन्ही भाषांत? सौरऊर्जा बसवता येईल का?

प्रश्न वाईट नव्हते. पण खोलीत कोण बसणार, किती दिवस बसणार, आणि तिथपर्यंत कोण कसं येणार, हे कुणी विचारलं नाही. कसं विचारतील? माझ्या प्रतिकृतीत खोलीच्या भिंतीबाहेर काहीच नव्हतं. एक कडुनिंब होता, तोही खोटा.

चूक उमगायला मला शास्त्रातल्या दोन जुन्या गोष्टी वाचाव्या लागल्या. पहिली जॉन स्नो यांची. 1854 मध्ये लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली, तेव्हा त्यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ते एका हातपंपाभोवती दाटलेले दिसले, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण 1855 च्या सुधारित नकाशात त्यांनी एक तुटक रेषा काढली, तिची चर्चा कमी होते. त्या रेषेच्या आत राहणाऱ्यांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप इतर पंपांपेक्षा जवळ होता. ‘जवळ’ म्हणजे सरळ अंतराने नव्हे, पायी चालण्याच्या वाटेने. रोगाचा नकाशा काढताना त्यांनी माणसाची वाट मोजली.

दुसरी गोष्ट 1994 ची. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागच्या तीन दिरंगाया सांगितल्या. दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवण्यातला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला उशीर, आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला उशीर. माझी खोली फार तर तिसऱ्या दिरंगाईचा एक लहानसा तुकडा दाखवत होती. तोही अर्धवट, कारण उपचार खोली करत नाही, माणूस करतो. दुसरी दिरंगाई, म्हणजे वाट, तिच्यात नव्हतीच.

सरकारी निकष पाहिले तर तेही लोकसंख्येच्या भाषेत बोलतात. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे तीन हजार आणि वीस हजार. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर साधारण हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती आली. हे आकडे नियोजनाला लागतातच. पण श्रावणातल्या रात्री वाट कशी असते, ते आकडा सांगत नाही.

गावाने बसून केलेलं गाव

याच शोधात ‘लोकसहभागी त्रिमितीय प्रतिकृती’ ही पद्धत हाती लागली. 1990 च्या दशकात आग्नेय आशियात, विशेषतः फिलिपिन्समध्ये, तिला आकार आला. जाकोमो रॅम्बाल्डी यांनी ती पुढे अनेक देशांत नेली. केनियातल्या माऊ जंगलातल्या ओगिएक समाजाने 2006 मध्ये आपल्या वाडवडिलांच्या भूमीची अशी प्रतिकृती केली. पद्धत सोपी आहे. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, पुठ्ठ्यावर उतरवायच्या. एकेक थर कापून एकावर एक चिकटवायचा. कोरी टेकडी, कोरी दरी तयार होते. मग गावकरी तिच्याभोवती बसतात. ठिकाणांसाठी टाचण्या, वाटा आणि ओढ्यांसाठी रंगीत दोरे, शेत-रानासाठी रंग. खुणांची यादीही गावच ठरवतं.

महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामात हे झालेलं आहे. हरमन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या ‘वॉटर’ या पुण्याच्या संस्थेने ‘कोड्राइव्ह – व्हिज्युअल इंटिग्रेटर’ नावाची पद्धत बांधली. तीत उपग्रहाची माहिती आणि गावकऱ्यांची माहिती एकाच त्रिमितीय प्रतिकृतीवर येते. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुणाच्या विहिरीचा कुणाच्या विहिरीशी संबंध आहे, हे लोकांना एकत्र बसून बोलता येतं. पाण्याला जे लागू, ते आरोग्यालाही लागू पडेल असं मला वाटलं. शेवटी दोन्हींत प्रश्न वाटेचाच असतो. तिथे पाण्याच्या, इथे माणसाच्या.

गावाच्या मताला रचनेत जागा दिली तर काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आदिवासींना विचारून शोधग्राममधलं रुग्णालय उभं केलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते असं लोक म्हणाले, म्हणून ते झोपड्यांच्या गावासारखं झालं, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. आधी विचारलं, म्हणून भीती कळली. बांधून झाल्यावर विचारून उपयोग नव्हता.

नाला

डोणगाव हे मेहकर तालुक्यातलं गाव. घाटावरचा, अजिंठ्याच्या रांगांपासून पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा हा मुलूख. डोळ्यांना सपाट वाटतो, पण ओढ्या-नाल्यांनी चिरलेला आहे. मी इथलाच, तरी चाळीस वर्षं बाहेर राहिलेला. तेव्हा मीही या अर्थाने दूरचाच होतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावातली आठ-दहा मुलं, दोन आशाताई आणि काही जुनी माणसं यांना घेऊन प्रतिकृती करायला बसलो. प्रमाण घेतलं एकास पाच हजार, म्हणजे एक सेंटिमीटरला पन्नास मीटर. पाच किलोमीटर लांब-रुंद मुलूख एक मीटरच्या चौरसात बसतो. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी हिशेब असा : या प्रमाणात दहा मीटर उंची दोन मिलिमीटर होते. आमच्याकडे चढ-उतार कमी, त्यामुळे एवढ्या बारीक थरांत जमीन नुसती सपाटच दिसते. म्हणून चार मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेऊन उंची दुप्पट केली, आणि तसं कडेला ठळक लिहून ठेवलं. लिहिलं नाही तर दूरचा माणूस डोणगावला डोंगर समजेल.

उंचीची माहिती घेतली ती इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून. 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या चित्रांवरून केलेलं तीस मीटरचं उंची-प्रतिमान तिथे मिळतं. तीस मीटरचं म्हणजे तीस बाय तीस मीटरच्या प्रत्येक चौकटीला एकच उंची. चौकटीच्या आत काय आहे ते त्याला माहीत नसतं. गावठाणातल्या घरांसाठी आता स्वामित्व योजनेचं ड्रोन सर्वेक्षण असतं. 2020 मध्ये सुरू झालेली ही योजना गावठाणापुरती आहे. शेतातल्या वस्त्या तिच्या बाहेर राहतात.

थर चिकटवून झाले. मी समाधानाने हात झटकत होतो, तेव्हा एक आशाताई वाकून पाहत म्हणाल्या, “सर, इथं नाला हाय. तुमच्या याच्यात तो दिसूनच नाही रायला.”

मी नकाशा पाहिला. त्या वस्तीपासून रस्त्यापर्यंत सरळ उतार होता. नाला चार-पाच मीटर रुंद असेल. तीस मीटरच्या चौकटीत तो विरघळून गेला होता.

“पाऊस झाला का ही वाट बंद. मंग असं वरून, फिरून या लागते,” असं म्हणत त्यांनी बोटाने लांब वळसा दाखवला. मुलांनी तिथे निळा दोरा टाचला, आणि वळशाला लाल. दोऱ्याची लांबी पट्टीने मोजली. कोरड्या दिवसांत वाट होती बावीस सेंटिमीटर, म्हणजे अकराशे मीटर. पावसात ती ब्याण्णव सेंटिमीटर झाली. साडेचार किलोमीटरच्या वर, रात्री, चिखलातून. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते. रस्त्याच्या अलीकडचं तिच्या हातात नसतं. याच तालुक्यातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, आणि त्यावरून माणूस मुंबईहून नागपूरला दिवसाच्या आत पोचतो.

मग दुसऱ्या आशाताईंनी हळूच सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्या वस्तीतली एक बाई नाल्याच्या काठावर बाळंत झाली होती. बाई वाचली, बाळ गेलं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. ज्यांना खोलीच्या रंगाचे प्रश्न पडत होते, त्यांना तर नव्हतंच.

दोऱ्याने बदललेला प्रश्न

प्रतिकृती तिकडे कशी पाठवायची? छायाचित्रमापनाने. प्रतिकृतीभोवती फिरत साध्या फोनने साठ-सत्तर छायाचित्रं काढायची, प्रत्येकात आधीच्या छायाचित्राचा साधारण दोन-तृतीयांश भाग पुन्हा आला पाहिजे. सावली पडू द्यायची नाही. ‘मेशरूम’सारखी मोफत आज्ञावली त्यातले सारखे बिंदू शोधून संगणकावर तीच प्रतिकृती उभी करते. ती लहान आकारात बसवली की दूरचा माणूस आपल्या फोनवर बोटाने फिरवून पाहू शकतो. प्रत्येक दोऱ्याशी मी आशाताईंच्या आवाजातली एकेक मिनिटाची ध्वनिफीत जोडली. वऱ्हाडी बोली तशीच ठेवली.

या वेळी तिकडून आलेला पहिला प्रश्न होता : “वाट कोणत्या महिन्यांत बंद असते?” दुसरा : “त्या महिन्यांत दिवस भरणाऱ्या बाया साधारण किती असतात?” आणि तिसरा, एका घरच्या सुनेचा : “त्या आधीच गावात येऊन राहू शकत नाहीत का?”

हा तिसरा प्रश्न आशाताईंच्या मनातही होता. बाया यायला तयार असतात, पण राहायचं कुणाकडे, आणि मागे घरच्यांच्या जेवणाचं काय? आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ असतं, तसं काहीतरी हवं होतं. मग हिशेब झाला. नवी खोली बांधायची गरज नव्हती. रस्त्यालगतची एक खोली जून ते सप्टेंबर भाड्याने घ्यायची, गर्भवती आणि तिच्यासोबतच्या बाईच्या जेवणाचं पाहायचं, आणि रात्री जीप लागली तर भाडं बाजूला ठेवायचं. माझ्या सुंदर खोलीच्या खर्चाचा हा अगदी लहान भाग होता. पहिल्या पावसाळ्यात त्या खोलीत दोन बाया राहून गेल्या. नाल्यावर मोरी व्हावी म्हणून ग्रामसभेत अर्ज गेला, तेव्हा प्रतिकृतीही तिथे नेऊन ठेवली होती. मोरी अजून व्हायची आहे.

दोन बायांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण प्रश्न बदलला, आणि प्रश्न बदलल्यामुळे पैसा वेगळ्या जागी गेला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

सांभाळायच्या गोष्टी

हे करू पाहणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

प्रतिकृतीवर रुग्णाचं घर कधीही दाखवू नये. क्षय, कुष्ठरोग, एचआयव्ही, इतकंच काय, कुणाच्या घरात गरोदर बाई आहे हेही नाही. लहान गावात एक टाचणी म्हणजे एक नाव असतं, आणि ती प्रतिकृती सातासमुद्रापार फिरणार असते. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण त्याआधीही हे सभ्यपणाचं कलम होतंच. आम्ही फक्त वाटा, पाणी, दवाखाना, शाळा आणि वस्तीची सीमा दाखवली. त्या बाळाची गोष्टही ध्वनिफितीत घेतली नाही. इथेही वस्तीचं नाव मी लिहिलेलं नाही.

दुसरं, प्रतिकृती खोटं सहज बोलते. न लावलेलं झाड, न आलेली परिचारिका, न जोडलेलं पाणी, सगळं संगणकावर एका झटक्यात येतं. जे आज आहे आणि जे व्हायचं आहे, त्यांचे रंग वेगळे ठेवावेत. आम्ही व्हायच्या गोष्टी पांढऱ्या ठेवल्या. मोरी अजून पांढरीच आहे.

तिसरं, पहिली दिरंगाई प्रतिकृतीत दिसत नाही. सासू काय म्हणते, हाताशी पैसे आहेत का, दवाखान्यात मागच्या वेळी कसं वागवलं, याला पुठ्ठ्याचा थर नसतो. ते बोलूनच कळतं. प्रतिकृतीचा उपयोग एवढाच की लोक तिच्याभोवती बसले की बोलू लागतात.

चौथं, पैशाचं. परदेशी देणग्यांना 2010 चा विदेशी अंशदान कायदा लागू होतो. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने रीतसर बँकेतून आपल्या बचतीतून पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याची ठरते, मग तो कितीही आपल्या गावचा असो. अशी रक्कम घ्यायला संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी लागते. आम्ही गावातल्या मंडळाच्या खात्यात फक्त भारतीय पासपोर्टवाल्या घरांची रक्कम घेतली. बाकीच्यांनी तिकडे बसून छायाचित्रं जुळवली, ध्वनिफितींचं लेखन केलं. पुतण्या म्हणतो, पैसे न देणारेच आता गावाला जास्त ओळखतात.

प्रतिकृती आता शाळेच्या एका खोलीत आहे. कडेला तारीख लिहिली आहे, कारण वाटा बदलतात, विहिरी आटतात, वस्त्या सरकतात. दर दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी आणि आशाताईंनी तिच्याभोवती बसून दोरे तपासायचे, असं ठरलं आहे. आजीच्या गवळणी पाडव्यानंतर मोडल्या जात, शेण गोवऱ्यांत जाई, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा मांडायला बसे. ज्या वर्षी घरात नवी गाय आली, त्या वर्षी गोठ्यात एक गाय जास्त असायची. यंदा आम्हाला निळ्या दोऱ्यावर मोरी मांडता येते का, ते पाहायचं आहे.